सव्वीस निळे, बावीस करडे

कतारमधल्या उम्म सलाल मोहम्मद या गावात, मशिदीमागच्या गल्लीत, टायरवाला आणि भाजीवाला यांच्या मध्ये, एक अरुंद शिवणाचं दुकान आहे. शाळांचे गणवेश, पडदे, कपडे घट्ट-सैल करून देणं, असली कामं तिथे होतात. त्या दुकानात खिडकीजवळच्या मशिनीवर सुदाम खैरनार सतरा वर्षं बसत आला होता.

सुदाम पारोळ्याकडचा. बाप गावोगावच्या बाजारात मशीन मांडून बसायचा, त्याच्या हाताखाली तो बेतणं शिकला. चौतिसाव्या वर्षी कतारला आला, आता एक्कावन्न पूर्ण झाली होती. घरी बायको बबीता, अंगणवाडीत मदतनीस. एक मुलगी राणी, लग्न होऊन सुरतेला. दुकानाच्या मागच्या खोलीत तो आणि मजीद राहत. मजीद बिहारचा, दुकानातला इस्त्रीवाला. माणूस चांगला, पण त्याची हिंदी आणि सुदामची हिंदी कामापुरती एकमेकींना भेटत, त्यापुढे दोघं आपापल्या मोबाईलमध्ये डोकं घालून बसत.

पूर्वी सुटीचा शुक्रवार वेगळा होता. बरवा अल बराहा या कामगारांच्या वस्तीत चाळीसगावचा शहाजी नावाचा ड्रायव्हर राहायचा. दर शुक्रवारी सुदाम दोन बस बदलून त्याच्याकडे जाई. दोघं मिळून वांग्याचं भरीत करत आणि संध्याकाळपर्यंत अहिराणीत बोलत बसत. दोन वर्षांपूर्वी शहाजी कायमचा गावी गेला. त्यानंतर सुदाम शुक्रवारी कपडे धुवायचा, वाळत घालायचा आणि ते वाळेपर्यंत तिथेच बसून राहायचा. बबीता रोज फोन करी. 'जेवनात का?' असं विचारी. जेवलो, म्हणून तो सांगे. मग इकडचं तिकडचं दोन वाक्यं, आणि फोन ठेवला जाई. भांडण नव्हतं, राग नव्हता. सांगण्यासारखं काही घडतच नव्हतं.

मराठी त्याच्याजवळ उरली होती ती फक्त मापं घेताना. हिंदीत त्याला पाव आणि पाऊण पटकन सुचत नसत.

त्या मराठीमुळेच पुढचं सगळं घडलं. डिसेंबरच्या सुरुवातीला एका शाळेतल्या बाई आठ-दहा मुलामुलींना घेऊन दुकानात आल्या. शाळेत नाटक बसवत होत्या, त्याचे कपडे शिवायचे होते. बोलणं हिंदीतून चाललं होतं. सुदामने पहिल्या मुलाच्या खांद्यावर टेप लावला आणि सवयीने पुटपुटला, "पावणेसोळा. छाती साडेएकतीस."

बाईंनी हातातल्या कागदावरून मान वर केली. "तुम्ही मराठी?"

"हो मॅडम. पारोळ्याचा. जळगाव जिल्हा."

"अहो, मी नाशिकची. मालविका गर्गे." आणि मग त्यांनी हिंदी सोडली ती सोडलीच. त्या इतिहास शिकवायच्या. नवरा रास लफानला गॅस कंपनीत, घर अल हिलालला. "घरी मी मराठी बोलते आणि मुलगी इंग्रजीत उत्तर देते," त्या हसून म्हणाल्या. "त्यामुळे दादा, तुम्ही पावणेसोळा म्हणालात ना, फार बरं वाटलं."

 सुदामने पुढच्या मुलाला जवळ बोलावलं.

यादी मोठी होती. सव्वीस निळे कोट, बावीस करडे. पुढाऱ्यांचे लांब काळे कोट सहा. घेरदार झगे तीन. आणि मांजरपाटाचे साधे कपडे नऊ जणांसाठी.

"हे नऊ गुलामांचे," मालविकाबाई म्हणाल्या. "हे शिवून झाले की कात्रीने जरा फाडून द्या. चिंध्या लोंबल्या पाहिजेत."

"कुठली गोष्ट आहे ताई?" मॅडमचं ताई कधी झालं ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

"अमेरिकेची. एकाच देशातली माणसं एकमेकांवर उठली, चार वर्षं लढली. निळे उत्तरेचे, करडे दक्षिणेचे. पण आमचं नाटक लढाईचं नाही. लढाईपर्यंत गोष्ट कशी गेली, त्याचं आहे."

"कशी गेली?"

मुलं बाहेर बसमध्ये जाऊन बसली होती. बाईंनी घड्याळ पाहिलं, आणि स्टूल ओढून बसल्या. "कापसापासून सुरू होतं," त्या म्हणाल्या.

सुदामने टेप गळ्यात टाकला. कापूस म्हटल्यावर त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. लहानपणी आईबरोबर तो वेचणीला जायचा. बोंडाची टोकं नखांच्या कडेला घुसत, ओटी भरली की काट्यावर वजन व्हायचं. बाई सांगत होत्या, की तिकडे दक्षिणेत सरकी काढायचं यंत्र निघालं आणि मैलोन् मैल कापूस पेरला गेला. रुई यंत्राने निघायची, पण बोंडं वेचायला माणसाचेच हात लागत. ते हात आफ्रिकेतून पळवून आणलेल्या माणसांचे, त्यांच्या लेकरांचे आणि नातवंडांचे. चाळीस लाख माणसं. त्यांना पगार नव्हता, सुटी नव्हती, आणि मालकाला वाटलं तर त्यांना बैलासारखं बाजारात उभं करून विकता येत होतं.

"पोरांनापण?"

"पोरांना वेगळं, आईला वेगळं."

"आणि उत्तरेच्या लोकांना हे चालायचं?"

"बरीच वर्षं चाललं. तिकडच्या गिरण्या त्याच कापसावर चालायच्या. गुलामांना घालायचं जाडंभरडं कापडसुद्धा उत्तरेतल्या गिरण्यांत विणलं जायचं." त्यांनी टेबलावरच्या मांजरपाटाच्या ताग्यावर हात ठेवला. मग बसचा हॉर्न वाजला आणि त्या उठल्या.

त्या गेल्यावर मजीद म्हणाला, "आज बहुत बातें कीं, सुदामभाई." सुदाम हसला. 

दुसऱ्या खेपेला त्या निळ्या कोटांचं कापड पसंत करायला आल्या. सुदामने सकाळीच स्टूल पुसून ठेवलं होतं. मागच्या वेळी गोष्ट कुठे थांबली होती ते तो विसरला नव्हता. त्याने एवढंच विचारलं, "मग फाटलं कुठून ताई?"

"शिवणीवर," त्या म्हणाल्या आणि खडू मागून घेतला. कापडाच्या उलट्या बाजूवर त्यांनी एक वेडावाकडा देश काढला आणि मधून आडवी रेघ मारली. देश पश्चिमेकडे वाढत होता, नवी राज्यं होत होती. प्रत्येक नव्या राज्याला प्रश्न एकच, इथे गुलाम ठेवायचे की नाही. संसदेत दोन्ही बाजूंची राज्यं सारखी ठेवायची म्हणून १८२० मध्ये ही रेघ ठरली. रेघेच्या खाली गुलाम, वर नाहीत. तीस-पस्तीस वर्षं त्या रेघेवर भागलं.

"मग एक कायदा आला. गुलाम पळून उत्तरेत गेला तरी त्याला धरून परत पाठवायचं. उत्तरेतल्या साध्या माणसांनीसुद्धा त्यात मदत करायची, नाहीतर शिक्षा. तोवर गुलामी म्हणजे दूरची गोष्ट होती. आता ती त्यांच्या दारात आली, त्यांच्या डोळ्यांसमोर माणसाला बेड्या घालून न्यायला लागले."

"तेव्हा कळलं."

"काहींना कळलं. काहींना नुसता राग आला, की दक्षिणवाले आम्हाला हुकूम सोडतात म्हणून. पुढे ती रेघही पुसली. कॅन्ससला म्हणाले, तुमचं तुम्ही मतदानाने ठरवा. मग दोन्हीकडून माणसं बंदुका घेऊन तिथे राहायला गेली. घरं जळली, मुडदे पडले. लढाई तिथेच सुरू झाली होती, नाव मागाहून मिळालं."

एवढं सांगून त्या गेल्या. सुदामने ते कापड बेतताना खडूचा देश झटकून टाकला नाही. अस्तराच्या आत गेला तो.

त्याच आठवड्यात त्याने नऊ मांजरपाटी कपडे शिवले. कात्री हातात घेतली आणि त्याचा हात चालेना. नव्या कापडाची हळहळ नव्हती ती. कात्रीने केलेला फाटका कपडा त्याला खोटा वाटत होता. त्याने चिंध्यांच्या पेटीतून जुने तुकडे काढले आणि ठिगळं लावायला घेतली. कोपरावर, गुडघ्यावर, खांद्यावर, जिथे कापड आधी विरतं तिथे तिथे. ठिगळावर पुन्हा ठिगळ. धागे वेगवेगळे वापरले, कारण अशा घरात एका रंगाचा धागा पुरेसा कधी नसतो.

मालविकाबाई तिसऱ्या खेपेला फिटिंगसाठी आल्या आणि त्यांनी कपडे पाहिले. "दादा, मी फाडायला सांगितलं होतं."

"हो ताई. पण ज्याच्याजवळ एकच कपडा असतो ना, तो तो फाटू देत नाही. रात्री बसून शिवतो. चिंध्या नाटकवाल्यांच्या असतात. आमच्या गावात मी गरीब पाहिले, चिंध्यातले नाही पाहिले. ठिगळातले पाहिले."

बाईंनी एक कपडा उचलून ठिगळावरून बोट फिरवलं.  मग बरोबरच्या मुलीकडे वळल्या. "इनाया, घालून बघ."

इनाया तेरा-चौदा वर्षांची, घरी उर्दू बोलणारी. तिचं काम मोठं होतं. जिचा मुलगा विकला जातो अशी आई. ती पळून उत्तरेत जाते, त्या नव्या कायद्याखाली धरली जाते आणि परत पाठवली जाते. पण इनायाला ते काम नको होतं. वर्गातल्या मुली झगे घालून मिरवणार आणि हिच्या अंगावर चिंध्या, यावरून तिला चिडवलं होतं. पडद्याआड जाऊन ती कपडा घालून आली, आरशात पाहिलं, आणि कोपरावरचं ठिगळ चाचपलं.

"ये किसने सिया होगा? उसने खुद?" तिने सुदामला विचारलं.

"खुद. और कौन सियेगा."

मुलगी थोडी ताठ उभी राहिली. मग म्हणाली, खिसा असता तर. बाई म्हणाल्या, गुलामांच्या कपड्यांना खिसा कुठून असणार. सुदाम म्हणाला, "बाहेरून नसेल. आतून तिने लावला असेल." त्याने तिथल्या तिथे कमरेच्या आतल्या बाजूला तळहाताएवढा खिसा लावून दिला. त्यात काय ठेवायचं, इनायाने विचारलं. तो म्हणाला, ते तू ठरव, मला सांगू नको.

त्या दिवशी बाई बराच वेळ थांबल्या. संसदेत उत्तरेच्या एका पुढाऱ्याने गुलामीविरुद्ध कडक भाषण केलं, तेव्हा दक्षिणेचा एक सभासद आत शिरला आणि त्याने बाकावर बसलेल्या त्या माणसाला काठी मोडेपर्यंत बडवलं. दक्षिणेतून लोकांनी मारणाऱ्याला नव्या काठ्या भेट पाठवल्या. "तिथे बोलणं संपलं," बाई म्हणाल्या. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की काळा माणूस या देशाचा नागरिक होऊच शकत नाही. मग एका गोऱ्या म्हाताऱ्याने आपल्या पोरांना आणि मूठभर साथीदारांना घेऊन सरकारी शस्त्रागारावर हल्ला केला, गुलामांच्या हाती बंदुका द्यायच्या म्हणून. त्याला फाशी झाली. उत्तरेत त्याच्यासाठी चर्चच्या घंटा वाजल्या आणि त्या ऐकून दक्षिणेला खात्री पटली, की हे सगळे आपल्या जिवावर उठलेत.

"आणि मग?"

"मग निवडणूक. ती पुढच्या वेळी सांगते. आणि हो, तुमच्या खानदेशाचाही संबंध आहे यात. लढाई लागल्यावर तिकडचा कापूस यायचा बंद झाला, तेव्हा विलायतेच्या गिरण्यांना आपल्याकडचा कापूस आठवला. खानदेशातून गाड्याच्या गाड्या भरून मुंबईला जायच्या."

ही गोष्ट सुदामच्या मनात घर करून राहिली. आपल्या खापरपणज्याने गाडीला बैल जुंपताना हा कापूस एवढा कशाला लागतोय, असं विचारलं असेल का. विचारलं तरी त्याला कुणी सांगितलं असेल का.

जेवताना त्याने मजीदला जमेल तशी गोष्ट सांगितली. मजीदने ऐकून घेतली आणि म्हणाला, "हम भी तो गुलाम ही हैं, सुदामभाई."

सुदाम एरवी अशा बोलण्यावर मान हलवून मोकळा व्हायचा. आज त्याला ते लागलं. "नाही," तो म्हणाला. "माझी राणी सुरतेला आहे. तिला कुणी विकलं नाही. मी आलो तो माझ्या पायाने आलो. आपलं दुःख आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्यांचा शब्द त्यांचा राहू दे." हे तो भावनेच्या भरात मराठीत बोलून गेला होता. मजीदने भाताचं भांडं पुढे सरकवलं.

पुढची वेळ आलीच नाही. कपडे न्यायला शाळेचा ड्रायव्हर आला, गठ्ठे मोजून गाडीत टाकले आणि पावतीवर सही करून निघून गेला. मॅडम तालमीत आहेत, म्हणाला. सुदामजवळ बाईंचा नंबर होता, कामासाठी दिलेला. त्याने मेसेज लिहिला, 'ताई, निवडणुकीत काय झालं?' वाचून पाहिला. एका शिंप्याने असं विचारणं त्यालाच विचित्र वाटलं. त्याने तो पुसला आणि लिहिलं, 'मॅडम, कोटांची बटणं बरोबर आहेत ना?' त्याला अंगठा आला. बास.

स्टूल तिथेच होतं. गिऱ्हाईक त्याच्यावर पिशव्या ठेवायचे.

फेब्रुवारीत त्यांचा निरोप आला. गुरुवारी चार वाजता प्रयोग आहे, दादा तुम्ही या. सुदामने इस्त्रीचा शर्ट घातला, मुदीरकडून, म्हणजे दुकानाच्या मॅनेजरकडून, दोन तासांची सुटी घेतली आणि बसने गेला. शाळेचं सभागृह आईबापांनी भरलेलं. मालविकाबाई रेशमी साडीत दाराशी उभ्या होत्या, सगळ्यांशी इंग्रजीत बोलत. त्याला बघून त्यांनी मान हलवली, एका मुलीला सांगून मागच्या रांगेत बसवलं.

नाटक इंग्रजीत होतं आणि मुलं घाईघाईने बोलत होती. पण सुदामला सगळं कळत होतं, कारण ते त्याला आधीच आपल्या भाषेत कळलेलं होतं. रेघ आली, ती पुसली गेली. काठी आली. काठी उगारणाऱ्या मुलाची बाही काखेत ओढली जातेय, मुंढा अर्धा इंच मोठा हवा होता, असंही त्याच्या मनात आलं. मग इनाया आली. तिच्या मुलाला घेऊन जातात तेव्हा ती ओरडेल असं त्याला वाटलं होतं. ती ओरडली नाही. तिने फक्त कमरेशी हात नेला आणि तिथेच दाबून धरला. पुढे तिला बेड्या घालून परत नेतात तेव्हाही तिचा हात तिथेच होता. सभागृहातल्या कुणालाही त्याचा अर्थ लागला नसेल. सुदामने मान खाली घातली.

निवडणूक सांगायची राहिली होती, ती त्याने तिथे पाहिली; अडलेलं त्याला बसवून देणाऱ्या मुलीने हळूच हिंदीत सांगितलं. लिंकन निवडून आला, आणि दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत तर त्याचं नाव मतपत्रिकेवरही नव्हतं. आहे तिथल्या गुलामीला मी हात लावणार नाही, नव्या मुलखात मात्र ती पसरू देणार नाही, एवढंच तो म्हणत होता. पण तेवढंही दक्षिणेला सोसलं नाही. त्याने खुर्ची घेण्याआधीच सात राज्यं देशातून निघाली. काळ्या कोटातली मुलं एकेक करून उठली, आपली खुर्ची उचलून रंगमंचाच्या दुसऱ्या बाजूला गेली. मग समुद्रातला किल्ला, त्यावर पहिला तोफगोळा. दिवे लाल झाले आणि निळे नि करडे कोट समोरासमोर उभे राहिले.

सुदामने ती पोरं मापाने ओळखली. साडेएकतीस छाती. तीस. पावणेतेहतीस. खऱ्या लढाईतले फार तर दोन-तीन वर्षांनी मोठे असतील, त्याला वाटलं. दोन्हीकडच्या शिंप्यांनी असेच गठ्ठे शिवले असतील, आणि कुणाचं माप घ्यायची वेळही आली नसेल.

टाळ्या झाल्या. गर्दी पांगताना मालविकाबाई त्याच्यापर्यंत आल्या. "आवडलं का दादा? तुमच्या ठिगळांबद्दल सगळ्यांनी विचारलं."

"पुढे काय झालं ताई?"

"चार वर्षं लढाई. सहा लाखांहून जास्त माणसं मेली. गुलामी गेली." कुणीतरी त्यांना हाक मारली. त्या जाता जाता थांबल्या. "दादा, एप्रिलमध्ये आम्ही मस्कतला चाललो. ह्यांची बदली झाली. म्हटलं, सांगून ठेवावं."

"बरं झालं," सुदाम म्हणाला. ते चुकीचं वाटलं म्हणून पुढे म्हणाला, "म्हणजे, जपून जा."

बसमध्ये खिडकीशी बसून त्याने बबीताला फोन लावला. ती विचारण्याआधीच म्हणाला, "आज एक नाटक पाहिलं. सांगू का?" आवाजात असं काहीतरी होतं, की ती हातातलं काम सोडून बसली असावी. मागे भांड्यांचा आवाज थांबला. त्याने कापसापासून सुरुवात केली. अहिराणीत सांगताना शब्द शोधावे लागले नाहीत. रेघ, कायदा, काठी, फाशी, खुर्च्या. बबीता मध्ये मध्ये हुंकार देत होती. बस बाहेरच्या रस्त्याला लागली, दोन्हीकडे माळ, दूरवर नव्या घरांचे क्रेन. किल्ल्यावर तोफ डागल्याचं सांगून तो थांबला.

"आणि ते पोरगं?" बबीताने विचारलं.

"कुठलं?"

"त्या बाईचं. विकलेलं. लढाई झाल्यावर ते तिला सापडलं का?"

सुदामने आठवून पाहिलं. "ते नाही दाखवलं."

"तुम्ही विचारलं नाही?"

"नाही. सुचलं नाही मला."

  एरवी बोलणं इथवर आलं की दोघांतलं कुणीतरी 'बरं, ठेवते' किंवा 'ठेवतो' म्हणायचं. आज कुणी म्हटलं नाही. त्याचा थांबा आला, माणसं उतरली, दार बंद झालं. सुदाम फोन कानाला लावून तसाच बसून राहिला.